लोखंड टिकतं, रबर जातं

भंडारा शहर संपलं की वैनगंगेवरचा पूल लागतो आणि पूल उतरला की आमचं कारधा. नागपूर-रायपूर रस्त्याला सरकारने ५३ क्रमांक दिला त्याला बरीच वर्षं झाली, तरी आम्ही अजून ‘सहा नंबर’च म्हणतो. गावात कोणी जुनी गाडी घ्यायला निघालं की मला सोबत नेतात. का नेतात, ते मला कोणी सांगितलेलं नाही. मी मिस्त्री नाही. माझ्याजवळ एक टॉर्च आहे, एक लोहचुंबक आहे आणि गॅरेजसमोर चहा पीत बसून ऐकलेलं पुष्कळ काही आहे. एवढ्या भांडवलावर माणूस जाणकार म्हणून ओळखला जातो, हे गावात राहण्याचं सुख.

ही कीर्ती माझ्या बहिणीने जर्मनीपर्यंत पोचवली. तिचा मुलगा श्टुटगार्टजवळ नोकरीला आहे. दोन लेकरं, त्यांच्या सायकली, हिवाळ्यातलं सामान. म्हणून त्याला जुनी, सहा सिलिंडरची एस्टेट घ्यायची होती. आपल्याकडे अशा लांब पाठीच्या गाड्या रुजल्याच नाहीत. टाटांनी १९९२ मध्ये एस्टेट आणली, २००४ मध्ये इंडिगो मरीना आणली, पण दोन्ही चार सिलिंडरच्या, आणि लोकांनी दोन्हींकडे पाहून डिकीवाल्या साध्या गाड्याच घेतल्या. तरी भाच्याचा फोन आला, ‘मामाजी, मी व्हिडिओ लावतो, तुम्ही पाहा.’ मग मी कारध्यात ओट्यावर बसून जर्मनीतल्या गाड्या तपासू लागलो. त्यातून जे उमगलं ते लिहून ठेवतो आहे. गाडी कोणत्या कंपनीची, ते सांगत नाही. त्याने काही फरकही पडत नाही.

१. इंजिन गुळगुळीत चालतं याचा अर्थ ते निरोगी आहे, असा नाही. एका ओळीतल्या सहा सिलिंडरांची रचनाच अशी असते की त्यांचे हेलकावे एकमेकांना खाऊन टाकतात आणि दर १२० अंशांना एक स्फोट होत राहतो. चार सिलिंडरच्या गाडीत एक सिलिंडर अधू झालं की स्टिअरिंगपासून आरशापर्यंत सगळं थरथरतं. सहात मात्र उरलेली पाच त्याचं काम सांभाळून घेतात आणि वरून कळत नाही. म्हणून गाडी थंड असतानाच सुरू करायला सांगायची. आपण पोचायच्या आधी विकणाऱ्याने ‘जरा गरम करून ठेवली’ असेल, तर चहा घ्यायचा, गप्पा मारायच्या, ती निवेपर्यंत थांबायचं. थंड इंजिन पहिल्या अर्ध्या मिनिटात जे बोलतं ते गरम इंजिन दिवसभरात बोलत नाही. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही. पांढरा, गोडसर वासाचा आणि थांबता न थांबणारा म्हणजे कूलंट आत शिरतंय. फोनवरून वास येत नाही, हे माझ्या लक्षात उशिरा आलं. मग भाच्यालाच नाक लावायला सांगू लागलो.

२. लोखंड टिकतं, रबर जातं. हे वाक्य माझं नाही, महामार्गावरच्या एका म्हाताऱ्या ट्रक मिस्त्रीचं आहे. सहा सिलिंडर म्हणजे आमच्या भागात ट्रक. १९५४ साली टाटांच्या टेल्कोने डेमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. पुढे करार संपला, पण ती वंशावळ राहिली. टाटांचं ६९७ इंजिन, म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर, याच घराण्यातलं. असली इंजिनं या रस्त्याने धान, विटा, मॅंगनीज ओढत आयुष्य काढून गेली. मिस्त्री म्हणायचा, ‘भाऊ, ब्लॉक काही मरत नाही. पाइप मरते, सील मरते, बुश मरते.’ कारचंही तेच आहे. घेणारा बोनेट उघडतो आणि लोखंडाकडे पाहतो. पाहायचं असतं त्याच्या आजूबाजूला: टॅपेट कव्हरच्या कडेने ऑइल झिरपलंय का, ऑइल फिल्टर जिथे बसतो तिथलं गॅस्केट ओलं आहे का, रबरी पाइप दाबला की आतून करकरतो का, इंजिनाची माउंटिंग बसली आहेत का. काही वेळा तारांवरचं आवरणही त्यात येतं. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात मर्सिडीजच्या काही इंजिनांच्या वायरिंगचं आवरण उष्णतेने भुगा होऊन पडायचं, हे त्या गाड्यांचे चाहतेच आधी सांगतात. इंजिन धडधाकट, आणि तारा उघड्या.

यात मला नवल वाटलं ते एका गोष्टीचं. रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं. त्यामुळे ‘पंधरा वर्षांत फार कमी चालली’ ही जाहिरातीतली शाबासकी मला आता धोक्याची खूण वाटते. उभी राहिलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर म्हातारी होते.

३. सहा सिलिंडरला तहान सोसत नाही. सरळ रांगेतल्या इंजिनाचं हेड लांब असतं, आणि ते एकदा नीट तापलं की वाकतं. तापण्याचं कारण मात्र बहुधा फुटकळ असतं: प्लॅस्टिकची कूलंट टाकी तडकली, रेडिएटरचं तोंड तुटलं, वॉटर पंप किंवा थर्मोस्टॅट गेला. म्हणून कूलंटचा रंग पाहायचा. त्यावर तेलाचा तवंग आहे का, इंजिन चालू असताना बुडबुडे येत राहतात का, ते पाहायचं. सुरू केल्यावर लगेच पाइप दगडासारखा कडक झाला, तर हेड गॅस्केटवर संशय घ्यायचा. ऑइल टाकायच्या झाकणाखाली पांढरट चिकट थर दिसला की आमच्याकडे लगेच ‘हेड गेलं’ म्हणतात. पण थंड देशात गाडी रोज फक्त शाळेपर्यंत आणि दुकानापर्यंत गेली, तर नुसत्या दमटपणानेही तो थर जमतो. एका खुणेवर निकाल द्यायचा नाही, दुसरी साक्ष मिळेपर्यंत थांबायचं. मे महिन्यात भंडाऱ्यात ४५ अंशांत वाढलेल्या माझ्या अनुभवाला हे नवीन होतं. ज्ञान आपल्या हवामानाबाहेर गेलं की थोडं आंबतं.

४. दुसरं पाणी नदीचं. हे मात्र कारध्याच्या माणसाने कोणाकडून शिकायची गरज नाही. वैनगंगेची पातळी आमच्या गावच्या पुलापाशी मोजतात. ती २४५ मीटरच्या आसपास आली की लोक ओट्यावरचं सामान उचलू लागतात. ऑगस्ट २०२०च्या अखेरीला वरून संजय सरोवर धरणाचं पाणी आलं, खाली गोसीखुर्द धरणाचा फुगवटा, आणि भंडारा-कारधा दोन्हीकडे घरांत नदी आली. गाड्याही बुडाल्या. पाणी ओसरल्यावर धुऊन, पॉलिश करून, अत्तर मारून त्यांतल्या काही बाजारात आल्याच असतील, असं धरून आम्ही तेव्हापासून चालतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा. धुणाऱ्याचा हात बेल्टच्या शेवटच्या वीतभर भागापर्यंत जात नाही, गाळाची रेघ तिथे राहते. सीटखालच्या पट्ट्यांवर गंज आहे का, डॅशबोर्डखालच्या स्क्रूच्या खाचेत माती आहे का, कार्पेटखालच्या वायरींच्या टोकांना हिरवट बुरशी चढली आहे का, ते पाहायचं. कोरडी दिसणारी गाडी पावसाळ्यात एकेक दिवा विझवत जाते.

मला वाटायचं, जर्मनीत हे कुठलं. मग भाच्याने आठवण करून दिली की जुलै २०२१ मध्ये आहर नदीच्या खोऱ्यात असाच पूर आला होता, गावंच्या गावं वाहून गेली होती. मग पाहत असलेल्या गाडीचा बेल्ट त्याने ओढून दाखवला. स्वच्छ निघाला. पण आमच्या गावची ही परीक्षा तिकडेही लागू पडते, याचा मला उगीचच अभिमान वाटला.

५. एस्टेटचं दुखणं पाठीत असतं. आपण पुढे पाहत बसतो आणि गाडीचं खरं कष्टाचं आयुष्य मागे गेलेलं असतं. डिकीचा मोठा दरवाजा रोज वर-खाली होतो, त्याबरोबर बिजागरीपाशी वायरी मुडपतात आणि वर्षानुवर्षांनी आतून तुटतात. मग कधी मागचा वायपर बंद, कधी नंबरप्लेटचा दिवा, कधी कुलूप. दरवाजा उचलून धरणारे गॅसचे दांडे थकलेले असले, तर तो सावकाश डोक्यावर येतो. छताला काच असेल, तर तिच्या कोपऱ्यांतून पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या पानांनी तुंबतात आणि ते पाणी स्टेपनीच्या खड्ड्यात उतरतं. काही गाड्यांत नेमकी तिथेच बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक पेट्या ठेवलेल्या असतात. म्हणून डिकीतला गालिचा उचलल्याशिवाय परतायचं नाही.

आणखी एक. बऱ्याच एस्टेटना मागे हवेची किंवा तेल-वायूची सस्पेन्शन असते, म्हणजे वजन टाकलं तरी पाठ समांतर राहते. ती झिरपत असेल, तर गाडी रात्रभरात मागून बसते आणि सुरू केली की मिनिटभरात शहाण्यासारखी उभी राहते. हे पाहायला गाडी सकाळी, मालकाने किल्ली फिरवण्याआधी गाठावी लागते. मागे ट्रेलर ओढायचा हूक आहे का, तेही विचारायचं. असेल तर गिअरबॉक्स आणि मागचे बुश जरा जास्त वेळ तपासायचे. आमच्याकडे गाडीने किती ओझं वाहिलं, हे हुकावरून कळत नाही. सीट पाडून धानाची पोती भरली असतील, तर आतल्या प्लॅस्टिकवर ओरखडे असतात, आणि फटीत चार दाणे हमखास सापडतात.

६. ‘यात आयुष्यभर ऑइल बदलावं लागत नाही’ असं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबद्दल कोणी म्हणालं, तर कोणाचं आयुष्य, ते विचारायचं. जगभरातल्या अनेक गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः सांगते की ऑइल साधारण ८० हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलावं. मोठ्या इंजिनाचा जोर पहिल्यांदा हाच डबा सोसतो. गाडी घेऊन उतारावर, चढावर, हळू गर्दीत जायचं; गिअर बदलताना पाठीत गुद्दा बसतो का, रिव्हर्स टाकल्यावर एक क्षण विचार करते का, ते पाहायचं. सपाट महामार्गावर सुसाट फिरवून आणलं, की विकणारा खूश आणि आपल्याला काहीच कळलेलं नाही. माझा स्वतःचा कल मात्र अजूनही सुसाट जाण्याकडेच असतो.

७. माझं लोहचुंबक आता मला थोडं हास्यास्पद वाटतं. इकडे त्याचा मान मोठा. दरवाज्यावरून फिरवायचं, जिथे चिकटत नाही तिथे पत्र्यावर लांबीचा थर, म्हणजे ठोकलेली गाडी. भाच्यालाही मी ते घ्यायला लावलं होतं. त्याने बोनेटवर टेकवलं आणि ते घसरून खाली पडलं. पुढच्या मडगार्डवरही तेच. मी गंभीर चेहरा केला. मग कळलं की वजन वाचवण्यासाठी अनेक जर्मन गाड्यांचं बोनेट आणि पुढची मडगार्डं ॲल्युमिनियमची असतात. तिकडे खालून पाहायचं असतं. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि ते मीठ चाकांच्या कमानी, ब्रेकच्या नळ्या, मागच्या एक्सलची चौकट खात राहतं. वरून रंग चकचकीत, खाली पापुद्रे. म्हणून गाडी लिफ्टवर चढवून पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. तिकडे थोडी फी भरली की तपासणी केंद्रं हे करून देतात. आपल्याकडे लिफ्ट नसली तर खड्डा असतो, खड्डा नसला तर पाठीवर झोपायला एक पोतं.

८. इंजिनापेक्षा कागद मोठ्याने बोलतात, फक्त वाचायचा कंटाळा येतो. जर्मनीत नवी गाडी तीन वर्षांची झाली की आणि मग दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी होते. त्या प्रत्येक अहवालात त्या दिवशीचा किलोमीटरचा आकडा असतो. ते सगळे अहवाल ओळीने मांडले की मीटर मागे फिरवला आहे की नाही, हे चहाचा कप संपायच्या आत कळतं. गाडीच्या मालकीचा दुसरा कागद बँकेकडे पडून असेल, तर कर्ज फिटलेलं नाही. आपल्याकडे त्याच जागी आर.सी.वरचा फायनान्सचा बोजा असतो. तो उतरवल्याचा ३५ नंबरचा फॉर्म मिळेपर्यंत गाडी विकणाऱ्याचीसुद्धा पूर्ण नसते.

आमच्या एम.एच. ३६मध्ये आणखी एक मोह येतो, दिल्लीचा. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या तिथे चालवायला हरित लवादाने बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. त्यानंतर मोठ्या इंजिनाच्या, चामड्याच्या सीटच्या गाड्या इकडे आश्चर्य वाटेल अशा भावात दिसू लागल्या. घेणारा गाडीचा भाव पाहतो. एन.ओ.सी., महाराष्ट्राचा रोड टॅक्स, नव्याने नोंदणी, पंधरा वर्षं झाली की पासिंग आणि पर्यावरण कर, हे सगळं एका चिठ्ठीवर लिहून बेरीज करा म्हटलं की त्याचा चेहरा उतरतो. ही बेरीज करून दाखवणारा माणूस लोकांना आवडत नाही, हा माझा जुना अनुभव आहे.

९. विकणाऱ्याने काय सांगितलं यापेक्षा त्याने शेवटचा खर्च कशावर केला, ते पाहायला मी शिकलो. टायरच्या कडेवर चार आकडी तारीख असते, आधी आठवडा, मग वर्ष. चारही टायर एका जातीचे, एका काळातले असतील तर माणूस गाडीवर जीव लावून होता. महागड्या इंजिनाच्या गाडीला चार वेगवेगळ्या कंपन्यांचे, मिळतील त्या भावाचे टायर असले, तर त्याने तिच्यावर खर्च करणं केव्हाच सोडलेलं आहे. जे दिसतं त्यावर ही काटकसर असेल, तर न दिसणाऱ्या ऑइलवर आणि फिल्टरवर काय असेल? सहा सिलिंडरची गोम इथेच आहे. तिचे भाव पडतात ते ती वाईट म्हणून नाही. सहा इंजेक्टर, सहा ग्लो प्लग, जास्त ऑइल, मोठे ब्रेक, आणि हे सगळं करायचा दुसऱ्या-तिसऱ्या मालकाला कंटाळा. घेताना ती मध्यमवर्गाच्या ऐपतीत येते, पण तिच्या सुट्या भागांना आपली ऐपत कोणी कळवलेली नसते.

१०. आणि शेवटचं, जे मला सर्वांत उशिरा कळलं: मला सोबत नेणारा माणूस गाडी घ्यायचं आधीच ठरवून आलेला असतो. त्याला माझा निर्णय नको असतो, संमती हवी असते. एकेकाळी याचा राग यायचा. माझ्या यादीने गाडी नाकारल्याचं क्वचितच पाहिलं आहे. मग लक्षात आलं, यादीचं काम नाकारणं नाहीच. कोणता दोष आपल्याला पोसता येईल, एवढं ठरवायला तिची मदत होते. तडकलेली टाकी, सुकलेले बुश, मागून बसणारी हवेची सस्पेन्शन हा खर्च आहे. तो आधी कळला तर किमतीतून वजा होतो. वाकलेलं हेड, कुजलेली चौकट, पुराचं पाणी आणि अर्धवट कागद हा खर्च नाही, तो संसार आहे. पहिल्या जातीच्या दोषांसाठी मी लोकांना किमतीच्या पाचव्या हिश्शाएवढी रक्कम बाजूला ठेवायला सांगतो. दुसऱ्या जातीचा एक जरी दिसला तरी टॉर्च बंद करून चालू लागतो, आणि मागून हाक आली तरी वळत नाही.

भाच्याने गाडी घेतली. माझ्या यादीतले पहिल्या जातीचे बरेच दोष तिच्यात होते, ते त्याने मालकासमोर एकेक करून वाचून दाखवले आणि भाव खाली आणला. पहिल्या महिन्यात त्याने सगळे पाइप, बुश आणि गिअरबॉक्सचं ऑइल बदललं. इंजिनाला हात लावावा लागला नाही. बहिणीने गावभर सांगितलं की मामाने जर्मनीतली गाडी पास केली. पुढच्या आठवड्यात साकोलीला एक बोलेरो पाहायला जायचं आहे, आणि घेणाऱ्याने टोकन देऊन ठेवलेलं आहे, हे मला आजच कळलं.